थांब्याचे गाव : लोणावळ्याविषयी दोन मते

लोणावळा सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटर उंचीवर आहे. लोहमार्गाने मुंबईहून ते १२८ आणि पुण्याहून ६४ किलोमीटरवर येते. पश्चिमेला कोकणात उतरणारा बोरघाट, पूर्वेला मावळ, आणि दोहोंच्या मध्ये घाटाच्या ऐन तोंडाशी हे गाव. पावसाळ्यात येथे चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाट चढून आलेल्या गाडीला येथे थांबणे भाग असे, आणि त्या सक्तीच्या थांब्यातून गाव वाढले. आज येणाऱ्यांतल्या बहुतेकांवर कसलीच सक्ती नसते. ते हौसेने थांबतात. सक्तीचा थांबा खरा की हौसेचा, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष रेल्वेचा. उभी नोकरी घाटात काढून निवृत्तीनंतर येथेच घर केलेला गार्ड हा त्याचा नमुना. दुसरा पक्ष पर्यटनाचा, आणि त्याची बाजू मांडायला बाजारातला हॉटेलवाला शेठ. पुढच्या संवादातल्या या दोन व्यक्ती कल्पित आहेत, पण त्यांची मते लोणावळ्यात चहाच्या कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतात.

शेठची सुरुवात ठरलेली असते. “गावाचा जन्मदाखला आमच्याकडे आहे, गार्डसाहेब. पर्यटनाची कुठलीही पुस्तिका उघडा. १८७१ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेब यांनी लोणावळा-खंडाळा शोधून काढले. साहेबाला हवा मानवली म्हणून बंगले आले, बंगले आले म्हणून बाजार आला.”

“शेठ, तो दाखला खोटा आहे,” गार्डसाहेब सांगतात. “मुंबईला एल्फिन्स्टन नावाचे गव्हर्नर दोन झाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७, आणि लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन १८५३ ते १८६०. पहिले १८५९ मध्ये वारले, दुसरे १८६० मध्ये. १८७१ साली लोणावळा शोधायला कोणी आले असेल, तर ते त्यांचे भूत! आणि तोवर आमची गाडी इथून धावायला लागून तेरा वर्षे झाली होती.”

या खंडनाला उत्तर नाही. तरीही ते वाक्य एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत बिनदिक्कत उतरत राहते, कारण थंड हवेच्या गावाला शोधणारा एखादा साहेब असावाच लागतो, असा एक समज रूढ झाला आहे. महाबळेश्वर आणि माथेरानला असे साहेब खरोखर मिळाले. लोणावळ्याला तो उसना आणावा लागला.

साहेब हातचा गेल्यावर शेठ दोन हजार वर्षे मागे जातात. “बरे, साहेब नको. कार्ल्याची लेणी घ्या. इथून दहा-बारा किलोमीटरवर. इसवी सनाच्या आगेमागे कोरलेला चैत्य, देशातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा. तिथला शिलालेख काय म्हणतो? वैजयंती नगराचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केले, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. म्हणजे बांधणारा शेठ आणि जाहिरातही त्याचीच. आमचा धंदा तुमच्या रुळांपेक्षा जुना आहे.”

हा मुद्दा विनोदात काढला तरी त्यात तथ्य आहे. कल्याण आणि चौलसारख्या बंदरांतून माल देशावर चढवण्याच्या वाटांपैकी बोरघाट ही एक महत्त्वाची वाट होती, आणि कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी या वाटेच्या आधारानेच उभी राहिली. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाइतकी जुनी आहेत. कार्ल्याच्या दात्यांत यवन आहेत, व्यापारी आहेत, परगावचे लोक आहेत. चैत्याच्या अंगणातच पुढे एकवीरा देवीचे देऊळ झाले. कोळी समाजाची आणि अनेक कायस्थ प्रभू घराण्यांची ही कुलदेवता. चैत्राच्या यात्रेला कोकणपट्टीतून पालख्या येतात, आणि त्या येणाऱ्यांना लोणावळा हे हवा खाण्याचे ठिकाण आहे याचे काही घेणेदेणे नसते.

वाटेचा लष्करी इतिहासही मोठा आहे. लोणावळ्याच्या दक्षिणेला कुरवंडे गाव आहे. तेथून कोकणात उतरणाऱ्या घाटाखाली उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडले. दाट रान, अरुंद वाट आणि वर दबा धरून बसलेले मावळे. खानाला सामान टाकून, खंडणी देऊन परत फिरावे लागले. आसपासचे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी आहेत. लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

गार्डसाहेब हे सगळे मान्य करतात, पण मुद्दा सोडत नाहीत. “वाट होती, गाव नव्हते. वाटसरू घाटाच्या पायथ्याशी थांबायचा, माथ्यावर नाही. नाना फडणवीसांनी तलाव आणि महादेवाचे देऊळ कुठे बांधले? खोपोलीला. चढायच्या आधी बैलांना पाणी पाजायचे, माणसांनी दम खायचा, तो तिथे. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांनी घाटाचा पक्का रस्ता खुला केला, तेव्हा खंडाळ्याला थोडी वस्ती वाढली. लोणावळा तेव्हा मावळातल्या चार खेड्यांसारखे एक खेडे.”

येथून पुढे गार्डसाहेबांची बाजू जड होते, आणि इतिहासही त्यांच्याच बाजूने बोलतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे गाडी सुरू केली. कापूस देशावर पिकत होता आणि बंदर कोकणात होते, म्हणून सह्याद्री ओलांडल्याशिवाय त्या रेल्वेला अर्थ नव्हता. मे १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा टप्पा सुरू झाला. मधला घाट मात्र मोकळा होता. मुंबईहून पुण्याला निघालेला उतारू खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरी. पाच वर्षे हा प्रकार चालला.

घाटातल्या लोहमार्गाचा आराखडा मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली तयार झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात साडेपाचशे मीटरहून अधिक चढ, ३७ फुटांत एक फूट इतकी तीव्र चढण, २५ बोगदे आणि ८ मोठे कमानी पूल. काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि १८६३ मध्ये संपले. गाडी सुरू झालेली पाहायला बर्कली राहिले नाहीत. ते १८६२ मध्ये वारले.

“कंत्राटाची गोष्ट सांगतो, शेठ,” गार्डसाहेब म्हणतात. “पहिला कंत्राटदार फॅविएल. १८५९ मध्ये मजुरीवरून दंगा झाला, युरोपियन मुकादमांवर मजूर चालून गेले. फॅविएलने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने मेला. मग कंत्राट कोणी पुढे नेले? त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अभियंते हाताशी धरून तिने घाट पुरा करवून घेतला. तुमच्या एकाही पॉइंटला तिचे नाव नाही. ड्यूकच्या नाकाला मात्र आहे.”

‘ड्यूक्स नोज’ म्हणजे नागफणी. खंडाळ्याजवळच्या या सुळक्याला वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकावरून हे नाव पडले. हा ड्यूक म्हणजे मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. स्थानिक लोक नागफणीच म्हणतात, आणि खालून पाहिले तर फणा जास्त पटतो.

ॲलिस ट्रेडवेलपेक्षाही मोठे मौन मजुरांविषयी आहे. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजारांहून अधिक माणसे कामावर होती. कोकणातून, देशावरून, बायकापोरांसह आलेली ही माणसे डोंगराच्या उतारावर झोपड्या टाकून राहत. पावसाळ्यात काम जवळपास बंद पडे, आणि उन्हाळ्यात पटकी व ताप येई. मृतांची नीट मोजदाद झाली नाही. इतिहासकारांचे अंदाज हजारोंच्या घरात आहेत. कड्यावर सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांना कमरेला दोर बांधून वरून सोडत. या कामात गेलेल्यांपैकी एकाही मजुराचे नाव लोणावळ्याच्या पर्यटकाच्या कानावर पडत नाही.

नाव उरले आहे ते दंतकथेतल्या एका धनगराचे. खोपोली-खंडाळा जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबाने दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने इंग्रजांनी देश सोडून जावे असे मागितले, आणि त्याला गोळी घातली गेली, अशी कथा आहे. ती रस्त्याची की रेल्वेची, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही, आणि कागदोपत्री आधार शोधण्यात फारसा अर्थही नाही. ट्रकवाले आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. शेठच्या मते हे उत्तम ‘स्पॉट’ आहे, गार्डसाहेबांच्या मते घाटातल्या सगळ्या बेनामी मजुरांचे हे एकमेव स्मारक. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

लोहमार्गातली सर्वांत चमत्कारिक जागा म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. खंडाळ्याच्या खाली डोंगराच्या सोंडेवर चढ गाठायला पुरेशी लांबी मिळत नव्हती. म्हणून गाडी त्या सोंडेच्या टोकापर्यंत न्यायची, तेथे थांबवायची, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट्या दिशेने पुढची चढण धरायची. उतारूंच्या दृष्टीने हा दरीवरचा थांबा होता. रेल्वेच्या दृष्टीने तो वेळखाऊ आणि उताराच्या गाडीला धोक्याचा होता. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग सरळ केला गेला आणि हे स्थानक सुटले. त्याच परिसरातला, अमृतांजनच्या जाहिरातीमुळे ओळखला जाणारा जुना पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत द्रुतगती मार्ग ओस असताना सुरुंग लावून पाडण्यात आला.

“पुलाखाली वाहतूक अडत होती,” शेठ म्हणतात. “गिऱ्हाईक घाटात तासभर अडकले तर हॉटेलात येते ते चिडलेलेच.”

“कबूल. पण इंग्लंडात अशा जागेचे संग्रहालय झाले असते.”

“आणि तिकीट लावायला तुम्ही मलाच बोलावले असते!”

घाटमाथ्यावर इंजिनाला दम खायला, कोळसा-पाणी घ्यायला आणि दुरुस्तीला जागा हवी होती. ती लोणावळ्याला मिळाली. येथे इंजिनांचा मोठा कारखाना झाला, कर्मचाऱ्यांच्या वसाहती झाल्या, त्यांच्या मुलांसाठी रेल्वेची शाळा, प्रार्थनेला चर्च, आणि सामानासाठी सहकारी भांडार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लोणावळे हे थंड हवेचे ठिकाण नव्हते. ते इंजिनाच्या धुराने काळवंडलेले, भोंग्याच्या तालावर चालणारे कारखान्याचे गाव होते. हवा खाणारे लोक तेव्हा खंडाळ्याला उतरत. पारशी आणि गुजराती धनिकांचे बंगले, आरोग्यधामे ही खंडाळ्याची बाजू. लोणावळ्याला फिटर, फायरमन आणि गार्ड.

गार्डसाहेबांचा सगळ्यांत आवडता मुद्दा येथे येतो. “भुशी धरण कोणी बांधले?”

शेठ हसतात. “रेल्वेने.”

“कशासाठी?”

“इंजिनाच्या पाण्यासाठी. पण साहेब, आज त्या पायऱ्यांवर इंजिन बसत नाही, माझे गिऱ्हाईक बसते.”

भुशीचे धरण १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधले. ते इंद्रायणीच्या अगदी वरच्या भागात आहे; पुढे देहू-आळंदीला वारकऱ्यांची होणारी हीच नदी. पावसाळ्यात धरण भरले की पाणी बांधाच्या पायऱ्यांवरून उतरते. बांधाच्या रक्षणासाठी असलेली ही रचना पर्यटकांना बसायच्या पायऱ्यांसारखी वाटली, आणि ‘भुशी ओव्हरफ्लो’ ही जुलैतली बातमी ठरली.

पाण्याची दुसरी कथा टाटांची आहे, आणि ती भुशीपेक्षा फार मोठी. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस साठवून कोकणच्या बाजूला सोडला तर पाचशे मीटरच्या उतारातून वीज काढता येईल, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. काम त्यांच्या मृत्यूनंतर झाले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याला गव्हर्नर सिडनहॅम यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. लोणावळा, वळवण आणि शिरोता हे तीन तलाव या योजनेचे. गावाभोवती जे पाणी ‘निसर्गरम्य’ म्हणून दाखवले जाते त्यातले बरेचसे असे बांधलेले आहे. शिवाय ते पूर्वेला इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी. तलावात अडवून ते पश्चिमेला पाताळगंगेत उतरवले गेले आणि अरबी समुद्राला मिळू लागले. गाव पर्यटनावर जगू लागण्याच्या किती तरी आधी येथे नद्यांची दिशा पालटण्याइतकी उलथापालथ झाली होती.

शेठ येथे एक चांगला प्रश्न काढतात. “धरणाखाली जमिनी कोणाच्या गेल्या, गार्डसाहेब? मावळ्यांच्या. म्हणजे रेल्वे आणि टाटा आले तेव्हाही गावकरी बाजूलाच पडला. मग पर्यटनाने गाव बिघडवले असे आम्हालाच का म्हणता?”

गार्डसाहेबांना हे मान्य करावे लागते. दक्षिणेला मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला. धरण झालेच. मावळात त्याची आठवण अजून निघते.

गावाचा तोंडवळा बदलला तो १९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचे काम येथे सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही निघाले. योगासाठी डोंगरात जाणे नवे नव्हते. क्ष-किरण यंत्र घेऊन जाणे नवे होते. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गावर वीज आली. जून १९३० मध्ये दख्खनची राणी सुरू झाली, ती आधी फक्त आठवडाअखेरीची, घोड्यांच्या शर्यतींना पुण्याला जाणाऱ्या धनिकांसाठीची गाडी म्हणून. वाफेचे इंजिन घाटातून गेल्यावर कोळसा, पाणी आणि कारखाना यांची गरज ओसरत गेली. १९४५ मध्ये नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे ‘शिवाजी’ हे केंद्र भुशीच्या पलीकडे उभे राहिले. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरावर नौदल कसे, हा प्रश्न पर्यटक आजही वाटेत विचारतात.

वीज आली तरी गाडीचा थांबा गेला नाही. घाट चढताना गाडीला मागून जोर देण्यासाठी कर्जतला बँकर इंजिने जोडतात, साधारणतः तीन. ती लोणावळ्याला सुटतात. कर्जतला बँकर लागेपर्यंतच्या काही मिनिटांत फलाटावरचा वडा खपतो आणि लोणावळ्याला ती सुटेपर्यंत चिक्की. उतरताना नियम आणखी कडक. जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल ही नावे पर्यटकाला कुठे माहीत असतात. गार्ड-ड्रायव्हरला ती तोंडपाठ. उतारावर ठरावीक ठिकाणी गाडी उभी करून ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवावे लागते. तसे झाले नाही तर पुढचा सांधा कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढ्या आडमार्गाकडे लावलेला असतो. सुटलेली गाडी त्यावर चढून थांबावी म्हणून.

“चिक्की आमची,” शेठ दावा सांगतात.

“चिक्की मजुरांची. गूळ आणि शेंगदाणा, स्वस्त आणि पोटभरीचा. घाटात राबणाऱ्यांसाठी गूळदाणी विकायची, तिचीच पुढे चिक्की झाली. तुमची दुकानेच ही गोष्ट सांगतात.”

दुकाने ती सांगतात हे खरे, पण बाजारातल्या जुन्या नावांचा धंदा १८८० च्या पुढचा सांगितला जातो, आणि घाटाचे काम १८६३ मध्ये संपले होते. तेव्हा गिऱ्हाईक घाटातले मजूर नसून लोणावळ्याच्या कारखान्यातले कामगार आणि थांबलेल्या गाडीतले उतारू असावेत, हा तर्क अधिक जुळतो. कसेही असले तरी हा पदार्थ गाडीच्या थांब्यावर वाढला, यात दोन्ही पक्षांना मतभेदाला जागा नाही.

रिसॉर्टचे गाव हे खऱ्या अर्थाने गेल्या काही दशकांतले. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि पुणेकरांना सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे सोपे झाले. १९९८ च्या ‘गुलाम’ चित्रपटातल्या गाण्याने खंडाळ्याचे नाव हिंदी मुलखात पोचवले. त्यानंतर २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, ९४.५ किलोमीटरचा. मुंबईहून दोन तासांवर आलेल्या डोंगरात जागांचे भाव चढले, तुंगार्लीपासून वळवणपर्यंत बंगल्यांच्या योजना आल्या, आणि लोणावळ्याचा ‘सीझन’ दोन-तीन महिन्यांचा न राहता प्रत्येक शनिवार-रविवारचा झाला.

शेठला याचा अभिमान आहे. “पाहायला काय कमी आहे? राजमाची पॉइंट, टायगर पॉइंट, लायन पॉइंट, कुण्याचा धबधबा, पवना धरण, कार्ले-भाजे, लोहगड. एका दिवसात होत नाही म्हणून मुक्काम. मुक्काम म्हणून खोल्या. खोल्यांवर किती घरे चालतात याचा हिशेब करा. रेल्वेने या गावातल्या किती पोरांना नोकऱ्या दिल्या? आता किती देते?”

हा प्रश्न बिनतोड आहे. इंजिनांचा कारखाना गेल्यावर रेल्वेतला रोजगार आटला आणि त्या जागी खोल्या, जेवण, गाड्या, चिक्की यांचा धंदा आला. आज गावाचे पोट पर्यटनावर आहे.

पण त्याच्या दुसऱ्या टोकाला गर्दी आहे. द्रुतगती मार्गावरून गावात शिरणाऱ्या गाड्या पावसाळी रविवारी भुशीच्या रस्त्यावर तासन्‌तास उभ्या असतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरावर झालेल्या पावसाचा लोंढा खाली कोरड्यात उभ्या असलेल्याला दिसत नाही. दिसतो तेव्हा निसटायला वेळ उरत नाही. त्यानंतर संध्याकाळी धबधब्यांवर जाण्याला बंदीचे आदेश निघाले. ही ठिकाणे करमणुकीसाठी बांधलेली नाहीत, हे गार्डसाहेबांचे पालुपद अशा वेळी खरे ठरते. इंजिनाला पाणी देणारा बांध, वीजगृहाला पाणी देणारा तलाव, मालाची वाट राखणारा किल्ला, डोंगर फोडून काढलेला लोहमार्ग. प्रत्येकामागे एक काम होते, आणि ते काम माहीत नसलेला माणूस त्या जागेचा धोकाही ओळखत नाही.

आता तर थांब्याचीच गरज सरत चालली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरविना घाट चढते. खोपोली ते कुसगाव हा १३.३ किलोमीटरचा जोडरस्ता द्रुतगती मार्गाचे अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी करणारा आहे. त्याचे बोगदे लोणावळा तलावाच्याही खालून काढलेले आहेत, आणि पुण्याला जाणाऱ्याला त्यावरून गावाचे तोंड न पाहता पुढे निघता येते. दुसरीकडे २०२१ मध्ये डेक्कन एक्स्प्रेसला आणि मग दख्खनच्या राणीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा लागला. घाट हा अडथळा होता. आता तो पाहण्यासाठी जादा भाडे घेतले जाते. शेठला यात धंदा दिसतो, गार्डसाहेबांना उशिराने मिळालेला न्याय.

भांडणाचा निकाल लावायचाच तर इतिहासाच्या बाबतीत गार्डसाहेब बरोबर आहेत. लोणावळा शोधले कोणी नाही. ते घाटाच्या कामातून आणि इंजिनाच्या तहानेतून झाले. भाकरीच्या बाबतीत शेठ बरोबर आहेत. चुकतात ते दोघे एकाच ठिकाणी. मजूर, धरणग्रस्त आणि मावळातली खेडी त्यांच्या वादात पुराव्यापुरती येतात. नगरपालिका आणि रेल्वेने मिळून जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनचा, ट्रेडवेल बाईंचा आणि ४२ हजार मजुरांचा इतिहास सांगणारे एखादे दालन स्थानकाजवळ उभारले, तर पर्यटनाचेही त्यात नुकसान नाही.

जाणाऱ्याने शक्यतो रविवार टाळावा आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात पाय ठेवू नये. मोटार घरी ठेवून गाडीने जावे. घाट खिडकीतून दिसतो, आणि स्थानकातून बाहेर पडले की बाजार पायी काही मिनिटांवर आहे.